सुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय संबंध: राज्यशास्त्राच्या या शाखेचा अभ्यास कसा करावा

राज्यशास्त्रात सुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय संबंध ही वाट धरणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना इथवर बातम्या घेऊन येतात. युद्ध, निर्बंध, क्षेपणास्त्र चाचण्या, शिखर परिषदा रोज समोर असतात आणि त्यांच्याविषयीची मतंही तयार असतात. पहिल्याच सत्रात गाडी अडते ती यामुळेच. अमुक देश असा का वागला, या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे असतं; पण ते उत्तर कोणत्या पुराव्यावर उभं आहे आणि काय सापडलं तर ते मागे घ्यावं लागेल, हे विचारलं की वर्गात शांतता पसरते. हा दुसरा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागणं म्हणजे या विषयाचं शिक्षण, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या सवयीसाठीच आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षाला असाल, पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीत असाल किंवा नोकरी सांभाळून स्वतःच अभ्यास करणार असाल, क्रम हाच ठेवा.

पायरी 1: विषयाची आखणी समजून घ्या, पण त्यात अडकू नका

राज्यशास्त्राच्या मोठ्या घरात राजकीय विचार, तुलनात्मक राजकारण, लोकप्रशासन आणि आंतरराष्ट्रीय संबंध अशी दालनं आहेत. सुरक्षा अभ्यास हा आंतरराष्ट्रीय संबंधांचा भाग. त्याचा जुना गाभा म्हणजे युद्ध का होतं, युत्या कशा टिकतात, अण्वस्त्रांचा धाक (प्रत्युत्तराच्या भीतीने समोरच्याला हल्ल्यापासून रोखणं) कसा चालतो. शीतयुद्ध संपल्यावर त्याची व्याप्ती वाढली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 1994 च्या मानव विकास अहवालात मानवी सुरक्षेची कल्पना मांडली आणि अन्न, आरोग्य, पर्यावरण, उत्पन्न, व्यक्तीचा जीव, समुदाय आणि राजकीय हक्क अशी सात अंगं मोजली. त्याच दशकात कोपनहेगनच्या अभ्यासकांनी आणखी एक प्रश्न पुढे आणला: एखादा विषय ‘सुरक्षेचा’ ठरवतं कोण? स्थलांतर किंवा साथीचा रोग अस्तित्वावरचं संकट म्हणून जाहीर केला आणि लोकांनी ते मानलं, की एरवी न चालणारे उपायही चालून जातात.

जुना गाभा आधी पक्का करा, मग विस्ताराकडे जा. उलट क्रमाने गेलेल्यांना धाक, युती आणि शस्त्रनियंत्रण या गोष्टी पुढे फार जड जातात. दुसरं म्हणजे तुलनात्मक राजकारणाचा पेपर टाळू नका. अर्जेंटिनाने 2 एप्रिल 1982 रोजी ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवलं, त्याच्या तीनच दिवस आधी ब्युनॉस आयर्समध्ये लष्करी राजवटीविरुद्ध कामगार संघटनांचा मोठा मोर्चा निघाला होता. मोर्चामुळे युद्ध झालं असं म्हणता येत नाही, कारण उतरण्याची तयारी आधीपासून सुरू होती. पण राजवटीची घरातली अवस्था न पाहता तो निर्णय समजतही नाही.

पायरी 2: एक पेचप्रसंग निवडून तो तळापर्यंत वाचा

सगळ्या जगाचा इतिहास वाचून मग विषयाला हात घालू म्हणाल तर ती वेळ कधी येणार नाही. एक प्रसंग निवडा आणि दोन-तीन महिने त्याच्याबरोबर राहा. मी ऑक्टोबर 1962 चा क्यूबा पेचप्रसंग (सोव्हिएत संघाने क्यूबात आणलेल्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी झालेला) सुचवतो, कारण दोन्ही बाजूंचे कागद इतक्या प्रमाणात खुले झाल्याची उदाहरणं थोडी आहेत. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडी सल्लागारांबरोबरच्या बैठका गुपचूप ध्वनिमुद्रित करत होते. त्या संभाषणांची लिखित रूपं आज कुणालाही वाचता येतात.

काम असं करा. एका मोठ्या कागदावर तारखा लिहा. 14 ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-2 या हेरगिरी विमानाने छायाचित्रं घेतली, 16 ला ती केनेडींपुढे आली, 22 ला त्यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर भाषण केलं, 27 ला क्यूबावर एक यू-2 पाडलं गेलं आणि त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना भेटले, 28 ला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं मागे घेण्याची घोषणा केली. आता प्रत्येक तारखेपुढे दोन रकाने आखा. एकात त्या दिवशी वॉशिंग्टनला काय ठाऊक होतं ते लिहा, दुसऱ्यात प्रत्यक्षात काय होतं ते. बेटावर सुमारे 10,000 सोव्हिएत सैनिक असावेत असा अमेरिकेचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते 40,000 हून अधिक होते. रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रंही तिथे पोचलेली होती, आणि ही गोष्ट त्या वेळच्या अमेरिकी निर्णयकर्त्यांना कळली ती 1992 मध्ये हवानाला झालेल्या परिषदेत. बैठकीत हल्ल्याचा आग्रह धरणाऱ्यांची वाक्यं हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. अपुऱ्या माहितीवर निर्णय म्हणजे काय, ते कुठल्याही व्याख्येपेक्षा नीट उमगतं.

याच प्रसंगात दुसराही धडा आहे. केनेडींच्या खंबीरपणापुढे सोव्हिएत संघ झुकला, हीच कथा बरीच वर्षं सांगितली गेली. पण 27 च्या भेटीत तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं आश्वासन दिलं गेलं होतं, ते गुप्त ठेवण्याच्या अटीवर. एप्रिल 1963 पर्यंत ती हलवलीही गेली. म्हणजे ‘ताठर राहिलं की समोरचा नमतो’ हा निष्कर्ष ज्यांनी या प्रसंगावरून काढला, त्यांच्या हातात अर्धाच व्यवहार होता. तुम्ही आज ज्या संकटावर लिहिणार आहात त्याचाही असा एखादा कागद अजून कपाटात असू शकतो. त्यामुळे प्रत्येक निबंधात एक परिच्छेद असा ठेवा: कोणता दस्तऐवज बाहेर आला तर माझं म्हणणं कोसळेल?

क्यूबा नको असेल तर जुलै 1914, सुवेझ 1956, बर्लिन 1961 किंवा कारगिल 1999 घ्या. अमेरिकी परराष्ट्र खात्याची 1861 पासून निघणारी कागदपत्रांची मालिका, वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरचा डिजिटल संग्रह आणि जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातलं नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह यांतलं बरंच साहित्य घरबसल्या आणि फुकट मिळतं. विल्सन सेंटरच्या संग्रहात रशियन, चिनी आणि पूर्व युरोपीय कागदांची इंग्रजी भाषांतरं आहेत, म्हणून भाषा येत नसतानाही समोरच्या बाजूचं ऐकता येतं.

पायरी 3: भाष्याआधी मूळ मजकूर

सुरक्षा परिषदेचे तीन ठराव एका बैठकीत वाचा: 1990 चा 678, 2002 चा 1441 आणि 2011 चा 1973. तिन्ही मिळून काही पानांचा मामला आहे. पण त्याआधी मतदानाचा नियम माहीत हवा. परिषदेत 15 सदस्य, त्यांतले 5 कायम. महत्त्वाच्या ठरावाला 9 मतं लागतात आणि कायम सदस्यांपैकी कुणीही विरोधी मत देता कामा नये. तटस्थ राहिल्याने ठराव अडत नाही.

आता वाचन. ठरावाच्या सुरुवातीचे परिच्छेद पार्श्वभूमी सांगतात. नंतरचे क्रमांक घातलेले परिच्छेद प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतात. वकील, मुत्सद्दी आणि पत्रकार ज्यावर भांडतात ते या क्रमांकित भागात असतं. 678 मध्ये इराकला 15 जानेवारी 1991 ही मुदत दिली होती आणि तोवर कुवेत सोडलं नाही तर सदस्य देशांना सर्व आवश्यक साधनं वापरण्याची मुभा स्पष्टपणे दिली होती. 12 मतं बाजूने, क्यूबा आणि येमेन विरोधात, चीन तटस्थ. 1441 एकमताने मंजूर झाला, 15 विरुद्ध 0. त्यात इराकला निःशस्त्रीकरणाची शेवटची संधी आहे, गंभीर परिणामांचा इशारा आहे, पण 678 सारखी बळ वापरण्याची मुभा तुम्हाला त्यात सापडणार नाही. मंजुरीच्या दिवशी खुद्द अमेरिकी राजदूतांनी सांगितलं होतं की या ठरावात आपोआप कारवाई सुरू होईल अशी छुपी तरतूद नाही. मार्च 2003 मध्ये इराकवर हल्ला करताना मात्र ब्रिटनची कायदेशीर बाजू 678 मधली जुनी मुभा पुन्हा जिवंत झाली या युक्तिवादावर उभी राहिली. तो पटतो की नाही, हे मजकूर समोर ठेवून तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या वाचनात तो टिकत नाही.

1973 हा लिबियाविषयीचा ठराव. नागरिकांच्या संरक्षणासाठी सर्व आवश्यक उपाय करता येतील, पण कोणत्याही स्वरूपाचं परकीय ताबा घेणारं सैन्य लिबियाच्या भूमीवर नको, अशी त्याची रचना. 10 मतं बाजूने, विरोधात एकही नाही, आणि ब्राझील, चीन, जर्मनी, भारत, रशिया असे पाच तटस्थ. या पाचही देशांनी मताचं कारण बैठकीत सांगितलं आणि ते शब्दशः नोंदलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संग्रहात ‘एस/पीव्ही’ या खुणेने सुरू होणाऱ्या नोंदी म्हणजे बैठकांचे शब्दशः वृत्तांत. पाचही देशांची कारणं एका तक्त्यात भरा. जर्मनीची अडचण आणि रशियाची अडचण एकच होती का? बाजूने मत दिलेल्या दक्षिण आफ्रिकेने पुढे नाटोच्या कारवाईवर टीका का केली? या तक्त्यातून बहुपक्षीय राजकारणाचं जेवढं ज्ञान मिळतं तेवढं महिनाभराच्या चर्चा ऐकून मिळत नाही.

पायरी 4: सिद्धांताकडे प्रश्न म्हणून पाहा

वास्तववाद (सत्ता आणि बळ पाहणारा), उदारमतवाद (संस्था आणि करार पाहणारा), रचनावाद (कल्पना आणि ओळख पाहणारा) यांच्या व्याख्या पाठ करून परीक्षेत मार्क मिळतात, समज मिळत नाही. प्रत्येक सिद्धांत एका ठरावीक प्रकारचा पुरावा शोधायला सांगतो, एवढं धरून चाला आणि एका घटनेवर तिन्ही लावून पाहा.

युक्रेनने अण्वस्त्रं का सोडली, हा प्रश्न त्यासाठी उत्तम. सोव्हिएत संघ 1991 मध्ये फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर सुमारे 1,900 लांब पल्ल्याची अण्वस्त्रं होती, म्हणजे जगातला तिसऱ्या क्रमांकाचा साठा. जून 1996 पर्यंत त्यांतलं शेवटचं रशियाला गेलं. वास्तववादी विचारेल: डागण्याचे संकेत कुणाच्या हातात होते, देखभालीचा खर्च झेपला असता का, वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोघांनी मिळून दाब टाकला का? त्याला संकेत मॉस्कोकडे होते याचा पुरावा मिळेल. उदारमतवादी जानेवारी 1994 चं अमेरिका, रशिया आणि युक्रेन यांचं त्रिपक्षीय निवेदन, मदतीचे आकडे, अण्वस्त्र प्रसारबंदी करारातला प्रवेश आणि युक्रेनला सुरक्षेची आश्वासनं देणारं 5 डिसेंबर 1994 चं बुडापेस्ट निवेदन वाचेल. रचनावादी आणखी मागे जाईल, 16 जुलै 1990 च्या सार्वभौमत्वाच्या घोषणेपर्यंत. अण्वस्त्रं स्वीकारणार नाही, बनवणार नाही, मिळवणार नाही असं युक्रेनच्या संसदेने तेव्हाच म्हटलं होतं. युक्रेनमधल्याच चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेला चार वर्षं झाली होती. स्वातंत्र्याआधीच हे वचन का दिलं, याचं उत्तर खर्च आणि दबावात पुरेसं सापडत नाही. तिघांपैकी कोण ‘बरोबर’ हे ठरवायची घाई नको. कोणता टप्पा कोण जास्त नीट उलगडतं ते लिहा.

सुरक्षेचा पेच या एका कल्पनेला मात्र वेगळा आठवडा द्या. जॉन हर्झ यांनी 1950 मध्ये ती मांडली: मी स्वतःच्या बचावासाठी शस्त्रं वाढवतो, समोरच्याला ती धमकी वाटते, तोही वाढवतो, आणि शेवटी दोघंही आधीपेक्षा असुरक्षित. रॉबर्ट जर्व्हिस यांनी 1978 मध्ये त्याला दोन प्रश्नांची जोड दिली. बचावाची शस्त्रं हल्ल्याच्या शस्त्रांपासून वेगळी ओळखता येतात का? आणि त्या काळच्या तंत्रज्ञानात हल्ला सोपा की बचाव? हे प्रश्न क्षेपणास्त्ररोधक यंत्रणेला लावून पाहा. नुसती ढाल, तिची भीती कशाला? पण ढाल असलेला देश आधी वार करून प्रत्युत्तर अडवू शकतो, ही समोरच्याची भीती खरीच असते. म्हणूनच अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी 1972 च्या कराराने आपल्या ढालींवरच मर्यादा घातली. अमेरिका 2002 मध्ये त्या करारातून बाहेर पडली. या एका कराराचा जन्म आणि अंत समजला तर शस्त्रनियंत्रणाचा निम्मा अभ्यास झाला.

पायरी 5: आकड्यांची व्याख्या आधी वाचा

आकडेवारीला घाबरून पळालात तर या क्षेत्रातलं निम्मं संशोधन तुम्हाला कायमचं बंद राहील. सुरुवातीला सरासरी, सहसंबंध आणि साधं प्रतिगमन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायची रीत) एवढं पुरे. आर किंवा पायथन या संगणकभाषांपैकी एक शिका. पण त्याहून आधी आकडा मोजला कसा ते पाहा.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा संघर्षविषयक डेटा वापरताना लक्षात घ्या की तिथे एका वर्षात लढाईत किमान 25 मृत्यू झाले तर सशस्त्र संघर्ष, 1,000 झाले तर युद्ध. ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ या जुन्या प्रकल्पातही युद्धासाठी 1,000 चाच उंबरठा आहे. हा उंबरठा किती निर्णायक ठरतो त्याचं उदाहरण कारगिल. लोकशाही देश आपसांत युद्ध करत नाहीत, हा या विषयातला सर्वांत गाजलेला दावा. 1999 मध्ये भारत आणि पाकिस्तान दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं होती. भारताने आपले 527 जवान गमावल्याचं जाहीर केलं. पाकिस्तानच्या मृतांचे आकडे स्रोतागणिक बदलतात. त्यांतला कोणता स्वीकारता यावर एकूण संख्या हजाराच्या अलीकडे राहते की पलीकडे जाते ते ठरतं. शिवाय लष्कराची पकड एवढी घट्ट असताना तेव्हाच्या पाकिस्तानला लोकशाही म्हणायचं का, हाही प्रश्न आहेच. म्हणजे एका गाजलेल्या सिद्धांताला अपवाद सापडला की नाही, हे दोन व्याख्यांवर लटकलेलं आहे. आणि त्या 527 मागे 527 घरं आहेत, हे तक्ता भरताना विसरू नका. उंबरठे संशोधकाच्या सोयीसाठी असतात.

स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या शस्त्रव्यापाराच्या आकड्यांबद्दल असाच गैरसमज असतो. त्यातली मूल्यं म्हणजे शस्त्रांच्या क्षमतेवरून काढलेला आकारमानाचा निर्देशांक आहे, सौद्याची किंमत नव्हे. ती डॉलर समजून अर्थसंकल्पाशी ताडून पाहिलेला निबंध तपासणारा तिथेच बाजूला ठेवतो.

सगळ्यांत अवघड मोजमाप धाकाचं. अण्वस्त्रांमुळे हल्ला टळला असं म्हणताना जो हल्ला झालाच नाही त्याची नोंद कुठून आणायची? फक्त फसलेले प्रसंग पाहिले तर धाक निकामी वाटतो, फक्त शांततेची वर्षं पाहिली तर सर्वशक्तिमान. यावर एकच मार्ग आहे: हल्ल्याचा विचार खरोखर झाला होता असे प्रसंग शोधायचे आणि तो का सोडला हे अंतर्गत कागदांतून पाहायचं. इथे तुम्ही पुन्हा पायरी 2 वरच्या अभिलेखागारात पोचता.

पायरी 6: लिहा, आणि अंदाज आकड्यात लिहा

दोन प्रकारचं लेखन वेगवेगळं शिका. शैक्षणिक निबंधात प्रश्न, तुमचा दावा, पर्यायी स्पष्टीकरणं आणि पुरावा. धोरण-टिपण मात्र एका पानाचं: शिफारस पहिल्या परिच्छेदात, मग पर्याय, प्रत्येकाची किंमत आणि धोका. टिपण कुणासाठी आहे ते नेमकं ठरवा. ‘सरकारने करावं’ असं लिहू नका. कोणत्या खात्याच्या हातात ते आहे ते शोधा.

त्याबरोबर अंदाजांची वही ठेवा. सीआयएच्या विश्लेषकांनी 1951 मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ल्याची गंभीर शक्यता आहे असा अहवाल दिला. प्रमुख विश्लेषक शेरमन केंट यांच्या मनात ती शक्यता 65 टक्के होती. सहकाऱ्यांना विचारल्यावर उत्तरं 20 पासून 80 पर्यंत आली, आणि अहवालाला संमती सगळ्यांनी दिलेली होती. म्हणून तुमच्या वहीत ‘शक्यता आहे’ ऐवजी ‘सहा महिन्यांत, 30 टक्के’ असं लिहा, कारण दोन ओळींत द्या आणि मुदत संपली की तपासा.

भाषेबद्दल थोडक्यात. तुम्ही ज्या प्रदेशाचा अभ्यास करता तिथली एक भाषा निदान वर्तमानपत्र वाचण्यापुरती शिका, आणि लवकर सुरू करा. अभ्यासक्रम निवडताना नावाच्या झगमगाटापेक्षा विषयांची यादी पाहा: संशोधन पद्धती सक्तीची आहे का, मूळ दस्तऐवज वाचायला लावतात का, प्रबंधाला किती महिने मिळतात.

पायरी 7: प्रबंधाचा विषय

‘महासत्तांमधला संघर्ष’ हा विषय होऊ शकत नाही, तो ग्रंथालयाचा एक विभाग आहे. प्रश्न एवढा लहान करा की त्याचे कागद मोजता येतील. उदाहरणार्थ: लिबियाच्या अनुभवामुळे सुरक्षा परिषदेतली सीरियाबाबतची मतं बदलली का? साहित्य मर्यादित आहे. लिबियावरचा मार्च 2011 चा ठराव, सीरियावरचा 4 ऑक्टोबर 2011 चा रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरून पाडलेला मसुदा, 4 फेब्रुवारी 2012 चा तसाच पडलेला दुसरा मसुदा, आणि तिन्ही बैठकांचे शब्दशः वृत्तांत. ऑक्टोबरच्या बैठकीत रशियाच्या राजदूतांनी सीरियाचा विचार लिबियाच्या अनुभवापासून वेगळा करता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. पण सीरियातल्या तार्तूसचा रशियाचा तेव्हाचा नौदल तळ आणि सीरियाबरोबरचा शस्त्रव्यवहार हे दुसरं स्पष्टीकरण तयारच आहे, आणि लिबियाचा उल्लेख नुसती सबब असू शकते. दोन्ही वेगळी कशी करायची? भारताकडे पाहा. तो मार्चमध्ये तटस्थ, ऑक्टोबरमध्ये तटस्थ आणि फेब्रुवारीत मसुद्याच्या बाजूने. त्याचा तार्तूसला तळ नव्हता. लिबियाची नाराजी हेच मुख्य कारण असतं तर भारताचं फेब्रुवारीतलं मत कसं समजावून सांगायचं, आणि दोन मसुद्यांमध्ये नेमके कोणते परिच्छेद बदलले होते? ते परिच्छेद शेजारी छापा, बदल अधोरेखित करा आणि मार्गदर्शकांकडे पहिल्या भेटीला जाताना तो एकच कागद घेऊन जा.